पद्मिनी अपडेट: रेडिएटरला तीन लायनीचा कोअर बसला, तरी काटा वर चढायचा. कारण सापडलं!

काल दुपारी अडीचला, बाहेर ४२ अंश असताना, माझी प्रीमियर पद्मिनी घेऊन तुळजापूरचा घाट चढलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या पुढं हलला नाही. वर पोचल्यावर बॉनेट उघडून उगाचच पाच मिनिटं बघत उभा राहिलो. शिट्टी नाही, वाफ नाही, ओव्हरफ्लोच्या बाटलीत पाणी जिथल्या तिथं. मागच्या सीटवरचे पाण्याचे दोन कॅन नुसतेच देवदर्शन करून आले.

मागच्या खेपेला मी काय फुशारकी मारली होती ते आठवत असेल. रेडिएटरचा जुना दोन लायनीचा कोअर (पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी) काढून रेडिएटरवाल्या चाचांकडून तीन लायनीचा तांब्याचा घालून घेतला, वरची-खालची पितळी टाकी जुनीच ठेवली, आणि तापमान मोजायच्या इन्फ्रारेड बंदुकीनं वर ९८, खाली ७१ असं रीडिंग मिळालं म्हणून नाचलो. "२७ अंशांचा फरक, कोअर काय उष्णता टाकायलाय बघा!" तुम्हीही अंगठे दिले. एकालाही शंका आली नाही, हे मी नोंदवून ठेवलंय.

कारण त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुणे रोडला मोहोळच्या अलीकडं काटा लाल पट्टीत गेला. गंमत अशी की गावात गाडी गप्प. सात रस्त्याच्या सिग्नलला दोन-दोन मिनिटं उभी राहिली तरी काही नाही. ८० ला दहा मिनिटं सलग पळवली की गरम. साठवर आणली की हळूहळू खाली. उभ्या गाडीला गरम होत असेल तर फॅन बघायचा, पळत्या गाडीला गरम होत असेल तर पाण्याचा प्रवाह बघायचा, हे आपण सगळे पाठ म्हणतो. मी मात्र फॅनच्या मागं लागलो. भंगारातून मारुती ८०० चा इलेक्ट्रिक फॅन आणला, तो अजून पलंगाखाली आहे.

मग एकेक करून सगळं झालं. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून आईच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. ८२ कोरलंय त्यावर, ८३ ला उघडला. थर्मोस्टॅट पास, मी नापास. पातेलं नवीन आणून द्यावं लागलं. ठिणगीचं टायमिंग तपासलं. वॉटर पंप उघडला, आतल्या पंख्याच्या पात्या शाबूत. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेल्याची भीती होती म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. इंजिनचा ब्लॉक मात्र उलट्या बाजूनं पाणी मारून धुतला, तेव्हा विटकरी रंगाचा गाळ अर्धी बादली निघाला. आबांनी सोलापूरचं नळाचं पाणी वर्षानुवर्षं घातलंय, क्षार बसणारच. धुतल्यावर चार-पाच अंश उतरले, आजार तोच.

मग रविवारी संध्याकाळी पुतण्याला टॉर्च धरून बॉनेटपाशी उभा केला, फॅनपासून हात लांब ठेव म्हणून तीनदा बजावलं आणि आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी नुकतीच अक्कलकोट रोडवरून पळवून आणली होती, चांगली तापलेली. जरा रेस वाढवली आणि तो ओरडला, "काका, खालचा पाइप आत चिपकायलाय की!"

रेस सोडली, पाइप गोल. दाबली, चपटा. उसाचा रस संपत आला की कागदी स्ट्रॉ कशी बसते, तशी. बोटानं दाबून बघितलं तर गरम रबर भाकरीच्या पिठासारखं मऊ. पंप रेडिएटरमधून पाणी ओढतो खालच्या पाइपातून. रेस वाढली की ओढ वाढते, मऊ पाइप चिकटतो आणि पाणी तिथंच अडतं. म्हणूनच तो २७ अंशांचा फरक. पाणी कोअरमध्ये रेंगाळत होतं, खाली थंड होऊन बसत होतं आणि इंजिन वर तहानलेलं. मी त्यालाच कोअरची ताकद समजलो.

हाच पाइप मी आधी दोनदा तपासला होता, दोन्ही वेळा सकाळी, थंड इंजिनवर. थर्मोस्टॅट बंद, रेडिएटरमधून पाणीच फिरत नाही, रबरही कडक. चिपकेल कसा?

आता कबुलीजबाब. जानेवारीत पाइप बदलले तेव्हा जुन्या खालच्या पाइपातून गंजून तीन तुकडे झालेली स्प्रिंग निघाली होती. इथंच लिहिलं होतं मी, "आतून कसलीतरी गंजकी तार निघाली, भंगारात टाकली." ती तार पाइप चिपकू नये म्हणूनच असते बे. नवा पाइप कुरियरनं मागवलेला, दिसायला चकाचक, आत स्प्रिंग नाही आणि कापडाचा थरही नावालाच. त्या दुकानाकडून पुन्हा रबर घेणार नाही.

स्प्रिंग कुठं मिळणार म्हणून स्पेअरची दुकानं पालथी घातली. शेवटी यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारलं, त्यांनी मागल्या गल्लीत स्प्रिंग वळणाऱ्याकडं पाठवलं. पाइपच सोबत नेला होता. त्यानं आत बोट घालून बघितलं, माप घेतलंच नाही, आणि स्टेनलेसची तार गजावर वळून दिली. किंचित जाड वळलीय, पिळून आत सरकवली की सोडल्यावर भिंतीला घट्ट बसते. कोअरला साडेसात हजार गेले, ह्या माणसानं दीडशे घेतले.

आता रीडिंग: ८० च्या स्पीडला वर ८८, खाली ७९. फरक ९ अंश. हा खरा फरक. (चकचकीत पितळेवर बंदूक कमी दाखवते, म्हणून दोन्ही टाक्यांवर मॅट काळ्या रंगाचा ठिपका मारलाय. तुम्हीही मारा.)

रेडिएटरच्या कॅपचं विचारलं होतं काहींनी. मी १३ पीएसआय दाबाची मागितली, चाचा म्हणाले, "जुन्या पितळी टाकीची झाळ उघडली तर माझ्याकडं रडत येऊ नको." ७ चीच लावली. तेवढ्या दाबानंही उकळबिंदू दहा-बारा अंश वर जातो, पुरे. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घ्या म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, तो फुटला तर मोहोळमध्ये कोण झाळणार? कूलंट तीस टक्के, बाकी बॅटरीचं पाणी. इथं बर्फ पडत नाही, गंज थांबला की झालं.

जाड कोअरमुळं फॅन आणि फिन्समध्ये जेमतेम एक बोट जागा उरली होती. ब्रॅकेटखाली वॉशर घालून रेडिएटर पुढं सरकवला, आता दीड बोट आहे. इलेक्ट्रिक फॅनला जास्त वीज लागते म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकायचा बेत होता, तो सध्या रद्द. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, रेडिएटर पुढं गेला तर फॅन कडेची गरम हवाच फिरवत असणार. श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं पत्र्याचं कडं, पाहिजे. कूलरवाल्याकडं पत्रा वाकवायचं मशीन आहे, सीझन असला तरी अर्धा तास देईल. पुठ्ठ्याचं माप आत्ताच कापायला घेतलंय.

वरच्या पाइपाच्या तोंडाशी बायकोच्या जुन्या स्टॉकिंगचा तुकडा गाळणी म्हणून बसवलाय, ब्लॉकमधला उरलेला गाळ नव्या कोअरमध्ये जाऊ नये म्हणून. तिला अजून माहीत नाही. रविवारी काढून काय अडकलंय ते फोटोसह टाकतो.