राखी ते पोळा: केनिया आणि टांझानियाच्या छोट्या सफारीचे नियोजन

आफ्रिकेतील गवताळ प्रदेशातले प्राण्यांचे स्थलांतर पाहण्यासाठी जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम मानला जातो, आणि खानदेशातल्या शेतकरी घराला नेमके तेच महिने बाहेर पडायला सर्वांत गैरसोयीचे असतात. आमच्या घरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी तिचे विसर्जन होते आणि त्या दोन दिवसांत सगळे भाऊबंद जमलेले असल्याने घर सोडण्याचा प्रश्नच येत नाही. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला तिला हजर राहावेच लागते. राखीला बहीण धुळ्याहून जळगावला येते. पोळ्याला तर मालक घरी नसणे आमच्या भागात चालतच नाही, कारण त्या दिवशी बैलांच्या पूजेइतकाच सालदाराचा मानही सांभाळावा लागतो.

या सगळ्या तारखा कॅलेंडरवर मांडल्यावर राखी ते पोळा, म्हणजे श्रावणी पौर्णिमा ते अमावास्या, हा एकच पंधरवडा हाती लागला. २०२४ साली राखी १९ ऑगस्टला होती आणि पोळा २ सप्टेंबरला. अधिक मासामुळे हा पंधरवडा काही वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला, तर काही वर्षी अगदी सप्टेंबरपर्यंत सरकतो, परंतु दोन्ही टोकांना स्थलांतराचा हंगाम चालूच असतो. बहीण राखी बांधायला येणारच होती, तेव्हा ती आणि मेहुणे आमच्यासोबतच पुढे निघाले. चौघे असल्याचा फायदा असा की सफारीची गाडी आणि चालक यांचा खर्च गाडीमागे धरला जातो आणि तो चौघांत विभागला गेला.

पंधरवडा म्हटला तरी तो सगळा जंगलात घालवता येत नाही. जाण्याचा आणि येण्याचा रेल्वेप्रवास, मुंबईतला एक राखीव दिवस, विमानप्रवास, आणि पोळ्याच्या आधी हातात ठेवलेले दोन दिवस वजा केल्यावर जे उरते, तीच खरी सफारी. हा राखीव वेळ काहींना फाजील वाटेल. आमच्या संपूर्ण प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा मात्र कसारा घाटाचा होता. ऑगस्टमधल्या मुसळधार पावसात इगतपुरी ते कसारा या पट्ट्यात दरड कोसळली किंवा रुळांवर पाणी आले, की भुसावळकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास खोळंबतात. परदेशाचे विमान कोणासाठी थांबत नाही. रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत पोहोचून त्याच दुपारचे विमान पकडण्याचा हिशोब पावसाळ्यात कोणीही करू नये. आम्ही एक मुक्काम मुंबईत केला.

मेहुण्यांची इच्छा तीन देशांची होती. युगांडात गोरिला पाहायचे, केनियात मारा नदी आणि टांझानियात सेरेंगेटी, असा आराखडा एका प्रवास कंपनीने त्यांना आखूनही दिला होता. कागदावर तो सुरेख दिसत होता, कारण कागदावर सीमा ओलांडायला वेळ लागत नाही. गोरिलांचे बविंडी जंगल कंपालाहून रस्त्याने आठ-नऊ तासांवर आहे, तिथल्या एका परवान्याला २०२४ पासून माणशी ८०० डॉलर पडतात, शेजारच्या रवांडात तर १,५०० डॉलर, आणि एवढे करून गोरिलांच्या सान्निध्यात मिळतो तो फक्त एक तास. तो तास मोलाचा असेलही, पण त्याच्या मागेपुढे जाणारे दिवस आमच्या पंधरवड्यातून निघणे शक्य नव्हते. व्हिसाचीही एक गोष्ट लक्षात घ्यावी: केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांसाठी मिळून १०० डॉलरचा एक संयुक्त पर्यटक व्हिसा मिळतो, मात्र त्यात टांझानिया येत नाही. म्हणजे ज्यांना गोरिला हवे आहेत त्यांनी केनियासोबत युगांडा किंवा रवांडा घ्यावा, आणि ज्यांना विस्तीर्ण गवताळ रान हवे आहे त्यांनी केनियासोबत टांझानिया. थोड्या दिवसांत दोन देश पुरेसे होतात, आणि खरे सांगायचे तर एकच देशही पुरतो.

एकाच देशाचा विचार आम्हीही गांभीर्याने केला होता. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप मारा नदीच्या दोन्ही अंगांना असतात. ज्या नदी ओलांडण्याच्या दृश्यासाठी लोक केनियात जातात, ते दृश्य टांझानियाच्या उत्तर सेरेंगेटीत, कोगाटेंडे भागातही तितकेच दिसू शकते. त्यामुळे केवळ नदीसाठी सीमा ओलांडण्यात अर्थ नाही. आम्ही दुसरा देश घेतला तो मध्य सेरेंगेटीतील मोकळी मैदाने आणि न्गोरोंगोरोचे विवर पाहण्यासाठी. तुमच्या घरच्या तारखांत याहून कमी जागा असेल, तर यापैकी कुठले दृश्य तुम्हाला अधिक हवे आहे ते आधी ठरवा आणि दुसरे बिनदिक्कत सोडून द्या.

नकाशावर केनियाचे मासाई मारा अभयारण्य आणि टांझानियाचे सेरेंगेटी उद्यान एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि प्राण्यांच्या दृष्टीने ती एकच भूमी आहे. माणसांना मात्र मधली वाट बंद आहे. १९७७ साली पूर्व आफ्रिकेतील देशांचा जुना संघ मोडल्यावर दोन्ही देशांमधली सीमा बंद झाली आणि पुढे ती अन्यत्र खुली झाली तरी अभयारण्यातून थेट पलीकडे जाण्याचा सँड रिव्हरजवळचा मार्ग पर्यटकांसाठी उघडलेला नाही. म्हणून तीन पर्याय उरतात. नैरोबीला परत येऊन नामांगा सीमेवरून टांझानियातल्या अरुशा शहराला जाणे, छोट्या विमानांच्या तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासाने सीमा ओलांडणे, किंवा पश्चिमेकडील इसेबानिया येथे रस्त्याने सीमा पार करून पलीकडे सिरारीतून सेरेंगेटीत शिरणे. विमानाचा पर्याय सर्वांत जलद आणि अर्थातच सर्वांत महाग आहे. आम्ही तिसरा मार्ग घेतला. त्यात एक संपूर्ण दिवस जातो, हे गृहीत धरूनच तो घ्यावा. केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही, त्यामुळे सीमेवर सामान उतरवून पलीकडच्या गाडीत चढवावे लागते. आमची पलीकडची गाडी उशिरा आली आणि दुपारचा बराच वेळ तिथे बसून गेला. त्या दिवशी सेरेंगेटीतला संध्याकाळचा फेरफटका आखलेला असता तर तो बुडालाच असता. या मार्गाने जाणाऱ्यांनी माऱ्यातला शेवटचा मुक्काम नदीच्या पश्चिमेला, मारा ट्रँगल नावाच्या भागात ठेवावा, म्हणजे ओलोलोलो दरवाजातून पहाटे बाहेर पडून सीमेकडे लवकर पोहोचता येते.

मासाई माऱ्याच्या प्रवेश शुल्काने आमच्या खर्चाचा मोठा वाटा खाल्ला. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर द्यावे लागतात, आणि हे शुल्क सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्या बारा तासांचे असते. मुक्काम अभयारण्याबाहेर असेल तर दुपारी आत शिरून पुन्हा दुसऱ्या सकाळी आत शिरलात, की दोन दिवसांचे पैसे झाले. म्हणून नैरोबीहून निघण्याची वेळ, मुक्कामाची जागा आणि शुल्क या तिन्हींचा हिशोब एकत्र मांडावा. रस्त्याने नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोटे विमान पाऊण-एक तासात नेऊन सोडते, मात्र त्यात सामान पंधरा किलोपर्यंत आणि तेही मऊ कापडी बॅगेत असावे लागते. चाकांच्या टणक सुटकेसी घेऊन जाणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

नदी ओलांडण्याचे दृश्य कधी घडेल हे चालकालाही सांगता येत नाही. कळप काठावर येतो, पुढचे जनावर पाण्याचा वास घेते, मागचे रेटा देतात, धूळ उडते, आणि आता उडी पडणार असे वाटत असतानाच एखादे झेब्रा बिचकते आणि अवघा कळप उलटा फिरतो. हे आम्ही वारंवार पाहिले. मग एका दुपारी, कुठलेही कारण दिसत नसताना, एकाने उडी घेतली आणि पाठोपाठ सगळा काठ पाण्यात कोसळू लागला. मगरी होत्याच. पण बुडालेली काही जनावरे मगरींमुळे नव्हे, तर समोरचा उंच काठ चढता न आल्याने आणि वरून येणाऱ्यांच्या भाराने बुडाली, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ज्यांना हे पाहायचे आहे त्यांनी माऱ्यात किमान तीन रात्री ठेवाव्यात आणि त्यातला एक पूर्ण दिवस जेवणाचा डबा घेऊन नदीकाठीच काढावा. काठावर गाड्यांची गर्दी होते आणि काही चालक कळपाची वाट अडवतात. आपल्या चालकाला आधीच सांगून ठेवावे की आम्हाला मागे उभे राहिले तरी चालेल.

मध्य सेरेंगेटीतील सेरोनेरा भागात स्थलांतराचे कळप ऑगस्टमध्ये नसतात, परंतु सिंह आणि बिबटे तिथे वर्षभर असतात. मेळघाटात ठरावीक वेळेच्या फेरीत वाघाच्या नुसत्या पंजावर समाधान मानायची सवय असलेल्या आम्हाला दिवसभर उघड्यावर जनावरे पाहणे सुरुवातीला खरे वाटत नव्हते. आमच्या यावल अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम पावणेदोनशे चौरस किलोमीटर आहे. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. त्या आकाराचा व्यावहारिक अर्थ असा की गाडीत बसून राहण्याचे तास फार असतात, रस्ते खडबडीत असतात, आणि कंबर किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी सलग लांब टप्पे टाळावेत. न्गोरोंगोरोचे विवर सुमारे सहाशे मीटर खोल आहे आणि त्याच्या तळाशी गेंडे दिसण्याची संधी चांगली असते. जिराफ मात्र तळाशी राहत नाहीत, ते वरच्या भागात पाहून घ्यावेत. दरवाजा उघडताच खाली उतरणाऱ्या पहिल्या गाड्यांत असावे. काठावर सुमारे २,३०० मीटर उंची असल्याने पहाटे कडाक्याची थंडी असते. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आम्हा खानदेशी माणसांना विषुववृत्ताजवळ स्वेटर घालावा लागतो हे पटत नाही. तरीही स्वेटर आणि कानटोपी न्यावीच. गडद निळे आणि काळे कपडे मात्र टाळावेत, कारण चावणारी त्से त्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते.

परतीसाठी आम्ही नैरोबीला आलोच नाही. मुंबई ते नैरोबी थेट आणि टांझानियातल्या किलिमंजारो विमानतळावरून आदिस अबाबामार्गे मुंबई, असे वेगवेगळ्या शहरांचे तिकीट काढल्याने नामांगा सीमेचा परतीचा दिवस वाचला. तिकीट थोडे महाग पडले, पण थोड्या दिवसांच्या सहलीत वाचलेला दिवस त्याहून महाग असतो.

शाकाहारी माणसांनी जेवणाची फार चिंता करू नये. नैरोबी आणि अरुशात गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, चपाती तर तिथल्या लोकांच्याही रोजच्या जेवणात असते, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली पालेभाजीबरोबर आमच्या बहिणीला इतका आवडला की तिने आचाऱ्याकडून कृती लिहून घेतली. घरून ठेचा, शेव आणि बिबड्या नेल्या होत्या. त्या डब्यांत न्याव्यात, प्लास्टिकच्या पिशव्यांत नव्हे. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. एक रिकामी कापडी पिशवी मात्र जरूर घ्यावी. तिथे तिच्यात मक्याचे दाणे भरून गाडीच्या छताच्या कडेवर ठेवली की कॅमेऱ्याला उत्तम टेकू मिळतो.

कागदपत्रांत सर्वांत आधी हाती घ्यायचे काम म्हणजे सरकारी नोकरांसाठी परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी. ती अनेक टेबलांवरून फिरते, तेव्हा तिकिटे काढण्याच्या कितीतरी आधी अर्ज द्यावा. त्यानंतर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. ती गावच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रात आधी नोंदणी करून जावे लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. हिवतापाच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. टांझानियाचा व्हिसा वेगळा आणि तोही ऑनलाइन काढता येतो. डॉलरच्या नोटा नव्या मालिकेतील आणि न फाटलेल्या असाव्यात, कारण जुन्या नोटा तिथे घेत नाहीत.

ज्यांच्या घरी श्रावण असाच अडलेला असेल आणि पंधरवडाही निघत नसेल, त्यांनी जानेवारीअखेर ते मार्चमधील दक्षिण सेरेंगेटीचा विचार करावा. तेव्हा न्दुटू भागात विल्डबीस्टची वासरे जन्मतात, सिंह आणि चित्ते त्यांच्या मागावर असतात, आणि फक्त टांझानियाचीच सहल करून ते सगळे पाहता येते. अडचण एवढीच की तो आपल्याकडे हरभऱ्याच्या काढणीचा आणि परीक्षांचा काळ आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जाणे सोयीचे वाटते, परंतु मार्च ते मे हा तिकडच्या मोठ्या पावसाचा हंगाम असतो, काळ्या मातीत गाड्या रुततात आणि बरेच तंबू बंद असतात. दर कमी दिसतात ते याच कारणाने. दिवाळीच्या सुट्टीत हलका पाऊस असतो, कळप दक्षिणेकडे सरकत असतात, पण न्गोरोंगोरो आणि सेरोनेरा तेव्हाही निराश करत नाहीत.

मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलावर पीतज्वराच्या लशीच्या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक दाखवावे लागते, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आमच्यासारखा पोळा दारात उभा असेल तर ते पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवावे.