सातपुड्यातला वनपिंगळा: पाहणं आणि नोंद पक्की करणं

शहादा सोडून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळकडे निघालं की साग सुरू होतो. फेब्रुवारीत त्याची बरीच पानं गळलेली असतात आणि उघड्या फांदीवर उन्हाला बसलेला पिंगळा लांबूनही नजरेत भरतो. वनपिंगळा, म्हणजे जंगलात राहणारं एक छोटं, दुर्मिळ घुबड (इंग्रजीत फॉरेस्ट आउलेट), दिवसा वावरणारा पक्षी आहे, त्यासाठी रात्री जंगलात शिरायची गरज नाही. फांद्यांवर ऊन आल्यापासूनचे पहिले दोन-अडीच तास महत्त्वाचे.

आम्ही याच भागात गेलो, त्याला कारण आहे. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशात वनपिंगळ्याचा नमुना (कातडं भरून जपलेला पक्षी) मिळवला आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं खात्रीची नोंदच नव्हती. मध्ये एक दावा होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा आणि पक्षी-संग्राहकाचा, १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांपैकी एक, चोरून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मग मांडवी बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या जागा शोधल्या गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ पक्षी दिसला. एक खोटी चिठ्ठी एवढी वर्षं लोकांना भलतीकडे पाठवू शकते. म्हणून दुर्मिळ पक्ष्याची नोंद करताना मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते: आपल्याला अजिबात न ओळखणारा माणूस वीस वर्षांनी ती वाचून स्वतः निर्णय करू शकेल का?

सोबत जवळच्या पाड्यावरचे एक दादा होते. नाल्याच्या पलीकडच्या उतारावर त्यांनीच आधी बोट दाखवलं. "ताई, शेपटी बघा. हलवतोय." पक्षी निष्पर्ण सागावर, आमच्याकडे तोंड करून बसला होता आणि शेपटी झटक्यानं डावी-उजवीकडे हलवत होता. आम्ही जागेवरच थांबलो. पुढे जायच्या आधी फोटो, मग दुर्बीण, मग वही, हा क्रम ठरलेला होता आणि तुम्हीही तो ठरवूनच जा. पहिला फोटो लांबचा, धूसर आला तरी चालतो. पक्षी उडून गेला तर तेवढाच पुरावा हातात राहतो.

इथे घोटाळा होतो तो दोन पक्ष्यांशी. गावाजवळ नेहमी दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. जंगल आउलेट या दुसऱ्या छोट्या घुबडाच्या डोक्यापासून अंगभर बारीक आडव्या रेघा असतात. वनपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ साधी, ठिपके असलेच तर अगदी पुसट. छातीचा वरचा भाग एकसंध गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसं, आणि अंगाच्या मानानं डोकं व चोच थोराड. समोरून काढलेला एक सुंदर फोटो यातलं अर्धंच सांगतो. पाठ, डोक्याचा माथा आणि शेपटी दिसेपर्यंत थांबा. आमचा पक्षी बऱ्याच वेळानं वळला, आणि माथा दिसला तेव्हाच मी वहीत नाव लिहिलं.

वहीबद्दल थोडं सविस्तर. पुस्तक किंवा मोबाइल उघडायच्या आधी लिहा. चित्र पाहिल्यावर डोळ्यांनी न पाहिलेल्या खुणाही आठवायला लागतात. सोबत दोघं-तिघं असतील तर प्रत्येकानं आपापलं लिहावं, आपसात बोलणं नंतर. वेळ, अंतर, ऊन कोणत्या बाजूनं होतं, पक्षी काय करत होता, काय दिसलं आणि काय दिसलं नाही. शेवटचं बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि तपासणाऱ्याला तेच सर्वांत उपयोगी पडतं. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपनं नाव सुचवलं, हे कारण म्हणून लिहू नका.

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. मूळ फाइल जपून ठेवा आणि काटछाट फक्त प्रतीवर करा. आवाज ऐकू आला तर मोबाइलवरही रेकॉर्ड करा आणि शेवटी स्वतःच्या आवाजात जागा आणि वेळ सांगून ठेवा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जागेची वेगळी, छोटी चेकलिस्ट (दिसलेल्या पक्ष्यांची यादी) करा. दिवसभराच्या वीस किलोमीटरच्या यादीत टाकलेला दुर्मिळ पक्षी नेमका कुठे होता, हे कुणालाच कळत नाही. टिप्पणीत "स्पष्ट दिसला" एवढंच लिहून काही साधत नाही. खुणा लिहा आणि जवळच्या जाती का नाकारल्या तेही लिहा. नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा प्रश्न आला तर राग मानू नका. ही माणसं स्वयंसेवक असतात आणि आपल्या नोंदीचं वजन त्यांच्या प्रश्नांमुळेच वाढतं. नोंद मान्य झाली नाही तरी तुमच्या स्वतःच्या यादीत ती राहतेच.

संध्याकाळी परतताना रस्त्यालगतच्या मोहावर आणखी एक पिंगळा बसलेला दिसला. फक्त काळी आकृती, मोठं डोकं. दादांना तो वनपिंगळाच वाटला, मलाही तसं वाटावंसं वाटत होतं, पण यादीत तो नुसता "घुबड, जात अनिश्चित" असा गेला. पाठ दिसली नव्हती.

आता जाणाऱ्यांसाठी. जंगल राखीव आहे, आधी वनखात्याला कळवा आणि परवानगीचं विचारून घ्या. हाच पक्षी पाहायला मेळघाटात जाणार असाल तर तिथे व्याघ्र प्रकल्पाचे नियम वेगळे आहेत. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं पूर्ण टाळा, कारण साधारण ऑक्टोबर ते मे हा त्याच्या विणीचा काळ आहे आणि आपण नेमके तेव्हाच जातो. झाडाच्या ढोलीकडे पक्षी वारंवार जाताना दिसला तर लगेच मागे फिरा, फोटोसाठी थांबू नका.

नेमकी जागा मी इथे मुद्दाम देत नाही. ती वनरक्षकांना सांगितली आहे आणि चेकलिस्ट लगेच न टाकता काही आठवड्यांनी टाकली. घरट्याची खूण दिसली असेल तर तुम्हीही तसंच करा: वनखात्याला त्याच दिवशी, बाकीच्यांना विणीचा काळ सरल्यावर.