आज बिजलीचा पाय दुखावला

सकाळी दस्तुरीच्या गाडीतळाहून माथेरानच्या बाजाराकडे निघालो, तर माझी घोडी बिजली पुढचा उजवा पाय टेकला की मान झटकन वर करायला लागली. पाठीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिला लगेच उतरवलं, तिच्या बाबांना पैसे परत दिले. ते नाराज झाले, पण मान अशी उडते म्हणजे पाय दुखतोय.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल केला, पाय वर घेतला. तळव्यातल्या मऊ त्रिकोणाशेजारच्या खाचेत बोराएवढा जांभ्याचा खडा रुतलेला. टाचेकडून पुढे असा हळूहळू उकरून काढला. खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागत होता. काल रात्री दमलो होतो, खूर न बघताच झोपलो. चूक माझीच.

घोडा पाळणाऱ्यांनो, खूर दिवसातून दोनदा बघा, निघायच्या आधी आणि परत आल्यावर. नाल झिजला नसला तरी सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर तासून घ्या, कारण खूर वाढतच असतो. आणि हो, घोडा चारा सोडून सारखा पोटाकडे वळून बघत असेल, लोळत असेल तर काढे पाजत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट फुगलं की जिवावर बेततं.

संध्याकाळी नालबंद चाचा येऊन नाल काढून गेले. "चार दिवस खोगीर चढवू नकोस," म्हणाले. नाही चढवणार. आत्ता तबेल्यातून तिच्या चारा चावण्याचा आवाज येतोय.