आमची वाटचाल: सोळा माग आणि तीन मोबाईल

वडिलांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये चार माग टाकले, तेव्हा कारखान्यात एकच फोन होता आणि त्याला कुलूप असायचं. आज चादरीचे सोळा माग आहेत. मधली कर्जं, मंदी, सुताचे भाव हे सोलापुरातल्या कुठल्याही मागवाल्याला विचारा, तेच सांगेल. आमच्याकडचं वेगळं म्हणजे मोबाईलवरून चाललेलं भांडण.

एका बाजूला डिझाईनचे मास्तर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, रागावले की दोन्ही. दुसऱ्या बाजूला हिशेब बघणारा पोरगा. वय तिशीच्या आतबाहेर, पण जुन्या सवयीनं सगळे त्याला दिवाणजीच म्हणतात. मास्तरांकडे टॉर्चवाला नोकिया ११००. दिवाणजीकडे दर दिवाळीला नवा अँड्रॉइड. लोडशेडिंगच्या काळात मागाखाली वाकून धाग्याचं तुटलेलं टोक शोधायचं तर नोकियाच कामाला यायचा. दिवाणजीचा फोन तोवर संपलेला. मास्तर मुद्दाम विचारायचे, “काय दिवाणजी, उजेड पाडताय का?”

नंतर माझा मुलगा आयफोन घेऊन आला आणि तिसरा पक्ष झाला. जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कॅमेरा कुणाचा चांगला.

या खेळात एकदा आम्ही पोळलो. हैदराबादच्या व्यापाऱ्याला मरून रंगाच्या चादरी हव्या होत्या. दिवाणजीनं ट्यूबच्या उजेडात रंगवलेल्या सुताच्या लडीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तिकडून होकार आला. आपली चादर आधी रंगवलेल्या सुतानं विणतात, त्यामुळे एकदा माग चालू झाला की रंग बदलता येत नाही. साठ चादरी परत आल्या. म्हणे, हा मरून नाही, विटकरी आहे. मुलगा म्हणाला, दिवाणजीचा स्क्रीनच भडक आहे. दिवाणजी म्हणाला, ट्यूबचा दोष. मास्तरांनी काही न बोलता लडी अंगणात उन्हात ठेवली आणि दोघांना फोटो काढायला लावले. एकच लडी, दोन रंग. उजेड बदलला की कॅमेरा पांढरा रंग कुठला ते अंदाजानं ठरवतो, आणि स्क्रीन तर प्रत्येकाचा निराळा. दोघंही बरोबर होते. चूक माझी, नमुना न पाठवता माग लावला. तेव्हापासून नक्षीला फोटो, रंगाला लडीचं पार्सल.

नोटाबंदीत मात्र दिवाणजी जिंकला. नोव्हेंबर २०१६ मध्ये कामगारांचा आठवड्याचा पगार वाटायला रोकड नव्हती. दिवाणजीनं एकेका कामगाराला शेजारी बसवून बँकेचं अ‍ॅप शिकवलं. मास्तर शेवटपर्यंत रांगेत उभे राहिले. पुढे २०१७ मध्ये जीएसटी, मग माल ट्रकनं पाठवताना लागणारं ई-वे बिल. आता ट्रकवाला दारात उभा असतानाच दिवाणजी मोबाईलवर बिल काढतो.

मास्तरांचं उत्तर वेगळ्याच दिशेनं आलं. मुलानं त्यांना दाखवलं की मागावर नक्षी पाडणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली, या १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाल्या, आणि इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, तीच युक्ती घेतली. झालं. मास्तरांनी पट्ट्यांची माळ उचलून दिवाणजीच्या टेबलावर ठेवली. “तुझा फोन ह्याचा खापरपणतू. नमस्कार कर.” दिवाणजीनं केलाही.

आता मास्तरांकडेही स्मार्टफोन आहे, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या स्क्रीनचा, कारण नक्षीच्या ग्राफवरचा चौकोन बोटांनी मोठा करून बघता येतो. नोकिया अजून खिशात असतो. गेल्या खंडेनवमीला मागांबरोबर सगळ्यांचे फोन पूजेला मांडले. मास्तरांनी हळदकुंकू सढळ हातानं वाहिलं, नेमकं आयफोनच्या चार्जिंगच्या भोकात. दुकानदारानं पिनेनं कुंकू काढून दिलं, त्याचं बिल दिवाणजीनं ‘पूजा खर्च’ म्हणून लावलंय.