नवतपातलं टेनिस

वर्षाला चार ग्रँड स्लॅम होतात आणि त्यातली विम्बल्डन साऱ्या जगानं डोक्यावर घेतली आहे. घेऊ दे बापडं. पण नागपूरकरानं आपली म्हणून एक स्पर्धा धरायची झाली तर ती मातीच्या कोर्टवरची फ्रेंच ओपनच, यात मला काडीची शंका नाही.

कारण पंचांगातच आहे. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि आमच्याकडे नवतपा लागतो. पुढचे नऊ दिवस घराबाहेर पडायचं नाही, पडलंच तर खिशात कांदा ठेवायचा, आणि कालचं तापमान आपणहून कुणाला सांगायचं नाही, कारण समोरच्याकडे आपल्यापेक्षा एक अंश जास्तच असतो. नेमक्या याच दिवसांत पॅरिसला फ्रेंच ओपनचा, म्हणजेच रोलाँ गारोसचा, मुख्य ड्रॉ सुरू होतो. 2025 साली तर दोघांनी एकच मुहूर्त धरला होता, 25 मे. तिकडे सकाळी अकराला सामने सुरू होतात तेव्हा इकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. मे महिन्यातले नागपूरचे अडीच ज्यानं पाहिलेत त्याला पुढचं सांगायला नको. सिग्नलवर महापालिकेनं बांधलेल्या हिरव्या जाळीखाली चार-पाच दुचाकीवाले तोंडाला दुपट्टे गुंडाळून एकमेकांना खेटून उभे असतात आणि जाळी संपते तिथून झेब्रा पट्ट्यांपर्यंतचा रस्ता मोकळा पडलेला असतो. हिरवा दिवा लागला तरी पुढे जायची कुणाला फारशी घाई नसते. अशा वेळी शहाणा माणूस घरात असतो, घरातल्या एकाच खोलीत असतो, आणि त्या खोलीत कूलर आणि टीव्ही दोन्ही असतात.

बाकीच्या तिघींचं असं जमत नाही. ऑस्ट्रेलियन ओपन जानेवारीत आपल्या पहाटे साडेपाचला उघडते. आमच्याकडच्या थंडीत त्या वेळी रजईतून हात बाहेर काढून रिमोट शोधणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. यूएस ओपनची खरी रंगत न्यूयॉर्कच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला. शिवाय ती पोळ्याच्या आगेमागे येते. 2024 मध्ये तिची उपांत्यपूर्व फेरी लागली त्याच दिवशी इकडे मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक, निघाली होती. इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्यावर उपांत्यपूर्व फेरीचं कुणाला पडलंय? राहिली विम्बल्डन. तिची वेळ उत्तम. संध्याकाळी सहाला सेंटर कोर्टवर सामना लागतो, हातात चहा असतो, बाहेर पावसाची सर असते. तक्रारीला जागाच नाही. नागपूरकराला तक्रारीशिवाय कशाची गोडी लागत नाही, ही आमची खोड.

शेजारच्या काकांना हे अजिबात मान्य नाही. काका तरुणपणी रामनगरच्या कोर्टवर खेळलेले. अजूनही ते नुसतं टेनिस म्हणत नाहीत, लॉन टेनिस म्हणतात. “काय त्या मातीत घसरून राहिले ते!” असं ते दर मे महिन्यात एकदा तरी कंपाउंडवरून ऐकवतात. “टेनिस म्हणजे गवत. पांढरे कपडे. आणि गवत किती, तर आठ मिलिमीटर, मोजून.” माहिती बरोबर आहे. काकांच्या स्वतःच्या अंगणात मात्र त्या महिन्यात गवताची एक काडी नसते. कुणाच्याच नसते.

आणि मातीचं म्हणाल तर ती माती नव्हेच. खाली दगड, त्यावर खडी, मग जळलेल्या कोळशाची भर, त्यावर चुनखडीचा पांढरा थर, आणि सगळ्यात वर भाजलेल्या विटांची भुकटी, जेमतेम एक-दोन मिलिमीटर. आपले जुने गवंडी चुन्यात जी सुरखी घालायचे, तीच. म्हणजे बघा, कोळसा कोराडीच्या वीजकेंद्रात जळतोच आहे, चुनखडी चंद्रपूरची, विटांना तर तोटाच नाही. सगळा माल विदर्भातला! फक्त कोर्ट पॅरिसला बांधलं गेलं, 1928 मध्ये, आणि नाव दिलं एका वैमानिकाचं. रोलाँ गारोस हा टेनिसपटू नव्हता. 1913 मध्ये कुठेही न उतरता भूमध्य समुद्र विमानानं ओलांडणारा तो पहिला माणूस.

ही भुकटी वाळली की उडते, म्हणून तिला सारखं पाणी पाजावं लागतं. माणसं जाड पाइप ओढत येतात आणि कोर्टभर फवारा मारतात. फिका विटकरी रंग बघता बघता गडद होतो. पूर्वी आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचो, खाटा टाकायच्या आधी, तेव्हा असाच रंग पालटायचा. पहिल्या पाण्याची वाफ पोटऱ्यांना लागायची, दुसऱ्या पाण्यानंतर अनवाणी चालता यायचं.

पडद्यावर पाणी मारणं सुरू झालं की आमचे बाबा उठतात आणि कूलरच्या टाकीत पाइप सोडतात. सेट संपला की टाकी भरायची, असा घरचा नियम आहे. गवतावर हा नियम चालून गेला असता. तिथे दोन जोरदार सर्व्हिसवाले समोरासमोर आले की सेट अर्ध्या तासात उरकतो. विटांच्या भुकटीवर चेंडू संथ होतो, उंच उसळतो, मारलेला परत येतो, पुन्हा मारलेला पुन्हा परत येतो, आणि एकेक सेट तासाच्या पलीकडे जातो. सहा-सहा बरोबरी होऊन टायब्रेक लागायच्या आत टाकी तळाला जाते, पंप कोरडा घरघरतो, ताट्या वाळतात आणि भट्टीचं दार उघडावं तसा झोत तोंडावर येतो. “ब्रेक पॉइंट आहे, थांब,” बाबा म्हणतात. ब्रेक पॉइंट जातो, ड्यूस होतो, दुसरा येतो. स्वयंपाकघरातून आई विचारते, “अजून खेळूनच राहिले का ते?”

शिवाय कूलर हायवर असला की कॉमेंट्री ऐकू येत नाही. लोवर केला की ऐकू येते, पण मग ऐकायच्या अवस्थेत कुणी उरत नाही. म्हणून आम्ही फ्रेंच ओपन वर्षानुवर्षं मुकीच बघत आलो आहोत. तोटा झाला म्हणवत नाही. कान बंद असले की डोळे नीट चालतात. फोरहँडला जाताना पाय हातभर घसरतो आणि नेमका जिथे थांबायला हवा तिथे थांबतो, हे आवाज नसतानाच कळतं. सेट संपल्यावर जाळी ओढून कोर्ट सारखं करणारी माणसं दिसतात. मग पांढऱ्या रेषा झाडल्या जातात, कोपऱ्यापर्यंत.

आणि खूण दिसते. चेंडू जिथे पडला तिथे भुकटीत त्याची लांबट खूण राहते, आणि वाद झाला तर पंच उंच खुर्चीवरून खाली उतरतात, चालत जातात, वाकून बघतात आणि बोट दाखवून निकाल देतात. सगळ्या जगासमोर एक वयस्क माणूस जमिनीवर वाकून काही शोधतो आहे, हे दृश्य मला फार आवडतं. बाकी तिन्ही स्पर्धांत आता यंत्रच ‘आउट’ ओरडतं. परंपरेचा एवढा बडेजाव मिरवणाऱ्या विम्बल्डननंही 2025 मध्ये रेषेवरची माणसं घरी बसवली. पॅरिसनं मात्र त्यांना ठेवून घेतलं आहे.

यंत्रावर किती विसंबावं, हे नागपूरला कुणी शिकवू नये. 30 मे 2024 ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान दाखवलं, 56 अंश. व्हॉट्सॲपवर आकडा असा फिरला की काय सांगावं. भीती होती, पण तिच्यात अभिमानही होता. पुढे हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि शहर काहीशा नाराजीनंच आपल्या नेहमीच्या चव्वेचाळीस-पंचेचाळिसाकडे परतलं. मजा म्हणजे त्याच आठवड्यात पॅरिसला पाऊस सुरू होता. कोर्टांवर ताडपत्र्या ओढलेल्या, प्रेक्षक रेनकोट घालून बसलेले, आणि समालोचक वातावरण खराब असल्याबद्दल खेद व्यक्त करताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आमच्याकडे ते वातावरण मिळालं असतं तर आम्ही तिकीट काढून बघितलं असतं.

त्याच आठवड्यात राफाएल नदाल पहिल्या फेरीत झ्वेरेवकडून हरला. या एका स्पर्धेत 14 विजेतेपदं, 112 विजय, 4 पराभव. त्यातला हा चौथा आणि शेवटचा. चौदा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चौदाही वेळा जिंकला. गवतावरच्या राजांना इथे काय मिळालं ते बघा. सात वेळा विम्बल्डन जिंकणारा सँप्रस पॅरिसला अंतिम फेरीतही पोचला नाही. बेकर आणि एडबर्ग यांना इथलं विजेतेपद कधी मिळालं नाही. मॅकेन्रो 1984 च्या अंतिम सामन्यात दोन सेट पुढे होता आणि लेंडलकडून हरला. ही यादी सुरू केली की काका विषय बदलतात. सहसा पाणीपुरवठ्यावर जातात, कारण तिथे आमचं एकमत आहे.

भारताच्या नावावर पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद लागलं तेसुद्धा इथेच. 1997, महेश भूपती, जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरीत. दोन वर्षांनी पेस-भूपतींनी पुरुष दुहेरी जिंकली, तीही आधी पॅरिसला आणि मग विम्बल्डनला. काका दुसरी तेवढी लक्षात ठेवतात.

2025 चा अंतिम सामना 8 जूनला, रविवारी होता. सिनर विरुद्ध अल्काराझ. आपल्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सुरू झाला. पहिले दोन सेट सिनरचे. बाबांनी हिशेब केला की आता लवकरच आटपेल आणि जेवण पुढे ढकललं. तिसरा सेट अल्काराझनं घेतला तेव्हा आम्ही ताटं समोर घेऊन टीव्हीपुढेच बसलो. चौथ्यात सिनर 5-3 नं पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे विजेतेपदासाठी एक सोडून तीन गुण हाताशी. एवढ्यात सामना संपतोच आहे म्हणून आईनं ताटं उचलली. तिन्ही गुण गेले. गेम गेला, मग टायब्रेकमध्ये सेट गेला. पाचवा सेटही टायब्रेकपर्यंत, आणि तिथे अल्काराझ 10-2. पाच तास एकोणतीस मिनिटं. फ्रेंच ओपनच्या इतिहासातला सगळ्यात लांब अंतिम सामना. बारा वाजून गेले होते. टाकी किती वेळा भरली ते विचारू नका.

शेवटचा फोरहँड रेषेलगत गेला तेव्हा बाबांनी टाळी वाजवली आणि अगदी त्याच क्षणी पलीकडच्या घरातूनही एक टाळी ऐकू आली. काकांच्या हॉलमध्ये लाइट होता. सकाळी कंपाउंडवर त्यांना विचारलं तर म्हणाले, “मी बातम्या पाहून राहिलो होतो.”