पिरानेसीच्या घरात अडकलेय

सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०) हे पुस्तक परवा संपलं पण मी अजून त्या घरातच आहे. न संपणारी दालनं, जिकडे तिकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, आणि हा पिरानेसी बाबा मासे पकडत, डायऱ्या लिहीत, मेलेल्यांच्या हाडांना फुलं वाहत मजेत राहतोय. वर्षालाही आकडा नाही, अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष. आमची आजी नाही का म्हणायची, पुराच्या साली जन्मला!

आर. एफ. कुआंगचं 'बेबेल' (२०२२) मात्र... चांदीच्या कांबीवर दोन भाषांतले शब्द कोरायचे आणि भाषांतरात जे निसटतं त्यातून जादू, आयडिया कसली भारी, पण तळटिपांतून इतकं समजावते की बाई कळलं गं, असं होतं. तरी रात्री दोनपर्यंत जागून संपवलंच.