पंचवीस वर्षांची वाळू

रविवार

टाइमशेअरवाल्यांचं (आधी पैसे भरा, मग वर्षानुवर्षं दर वर्षी एक आठवडा आमच्या रिसॉर्टांत राहा, म्हणणाऱ्यांचं) माहितीपत्रक कालपासून टेबलावर पडलंय. वर गुळगुळीत कागदावर पांढरी वाळू, दोन आरामखुर्च्या, आणि माणूस एकही नाही. ह्यांना ते चित्र भलतंच आवडलंय. निवृत्त झाल्यापासून ह्यांची एकच मागणी आहे: वर्षातून एक आठवडा समुद्रकाठी आडवं पडायचं आणि काहीही बघायला जायचं नाही. देवळं नाहीत, किल्ले नाहीत, "आलोच आहोत तर" नाही. मागणी मला मान्य आहे. पण त्यासाठी पंचवीस वर्षांचा करार करावा का, हे काही केल्या ठरत नाही.

काल एका हॉटेलात आम्हाला बोलावलं होतं. नवरा-बायकोनं जोडीनंच यायचं, ही अट. (एकटा आला की "घरी विचारून सांगतो" म्हणून निसटतो, त्यावरचा तोडगा असावा.) "काका, काकू" करणारा एक हसरा मुलगा समोर बसला. चहा, सँडविच, लॅपटॉपवर मालदीव आणि मनाली. दोन तासांत मी त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: खोलीच्या दारापासून वाळू किती लांब? "बीच प्रॉपर्टी आहे काकू," एवढंच उत्तर. मीटरमध्ये नाही, मिनिटांमध्येही नाही. मग त्याचे साहेब आले. आज सही केली तर अमुक सूट, उद्या नाही. आम्ही उठलो. जेवणाचं कूपन मिळालं, ते महिनाअखेरपर्यंतच चालतं.

सोमवार

आज हिशेब मांडला. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे आकड्यांशिवाय झोप येत नाही.

आम्हाला सांगितलेला भाव ४,८०,००० रुपये. २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री, म्हणजे १७५ रात्री. भागाकार केला की रात्रीला साधारण २,७४३ रुपये. मुलाच्या स्लाइडवर हाच आकडा होता, मोठ्या अक्षरांत. स्लाइडवर नव्हतं ते वार्षिक शुल्क. ते आम्ही जाऊ न जाऊ, भरायचंच. २०,००० धरलं तर १८ टक्के जीएसटी मिळून २३,६००, म्हणजे रात्रीला आणखी ३,३७१. आणि हे शुल्क दर वर्षी वाढू शकतं, असं कागदावर बारीक अक्षरांत लिहिलंय.

आता माझा खरा मुद्दा. तेच ४,८०,००० मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३३,६०० व्याज येतं. व्याजावर कर जाईल, तो सोडून देते. हे व्याज आणि न भरलेलं शुल्क मिळून ५७,२००. म्हणजे सात रात्रींसाठी रात्रीला आठ हजारांहून थोडे जास्तच हाताशी राहतात, आणि मुद्दल आपल्या खात्यात. आठ हजारांत फेब्रुवारीत दक्षिण गोव्यात चांगली खोली मिळते. आवडली नाही तर पुढच्या वर्षी दुसरी घ्यावी.

ह्यांना वही दाखवली. शांतपणे वाचली आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण तुझ्या मुदत ठेवींतून आपण कधी कुठे गेलोय?"

ह्याला उत्तर नाही. व्याज आलं की ते पुन्हा ठेवीत जातं, किंवा फ्रिज बदलतो, किंवा लेकीकडे बंगळूरला जातो आणि तिथं नातवाला सांभाळतो. पैसे आधी भरलेले असले की माणूस वसूल करायला तरी बाहेर पडतो. टाइमशेअरचा धंदा याच स्वभावावर उभा आहे, आणि धंदा म्हणून त्यात वावगं काही नाही.

मंगळवार

दुपारी ही कल्पना निघाली कुठून ते वाचत बसले. मला वाटलं होतं, कुठल्यातरी उन्हाळी बेटावरची असणार. तर उगम युरोपात: १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली, आणि त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये सुपरदेव्होल्यूला स्कीइंगवाल्यांना खोल्यांचे वाटे विकले गेले. बर्फातली कल्पना. अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर फोफावली. १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची संस्था निघाली. आपला आठवडा तिथं जमा करायचा आणि दुसऱ्याचा घ्यायचा. भारतात स्टर्लिंग ही टाइमशेअर कंपनी १९८६ मध्ये आली, महिंद्रांचा क्लब १९९६ मध्ये. आमच्या पिढीच्या किती मध्यमवर्गीय घरांत हे कार्ड आहे! विनूदादाकडे, माझ्या आतेभावाकडे, पण आहे.

परदेशातल्या अदलाबदलीचं आम्हाला अप्रूप नाही. पासपोर्टची मुदत संपलीय आणि ह्यांना विमानात पाय आखडतात.

बुधवार

विनूदादाला फोन केला. तो जुना सभासद. तासभर बोलला, आणि त्या मुलाच्या दोन तासांपेक्षा त्याच्या एका तासात जास्त कळलं.

महिंद्रांकडे वर्षाचे चार रंग आहेत: जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सगळ्यात महाग, निळा सगळ्यात स्वस्त. कुठल्या रंगाची मेंबरशिप घेतली त्यावर कधी जाता येतं ते ठरतं. दादा म्हणाला, "हे रंग समुद्र बघून ठरवलेले नाहीत गं, शाळा बघून ठरवलेत." नाताळ, दिवाळी, मे महिना महाग, कारण तेव्हा पोरांना सुट्ट्या. आणि समुद्रकिनाऱ्यावरचे स्वस्त आठवडे बहुतेक पावसाळ्यात येतात.

पावसाळ्यातला गोवा सुंदरच असतो, पण वाळूवर लोळायला नव्हे. समुद्र खवळलेला, लाल बावटे लागलेले, जीवरक्षक शिट्ट्या मारून पाण्याबाहेर काढतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ताटातला सुरमई-पापलेटसुद्धा बर्फातलाच. पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, डांबराचे काळे गोळे वाहून येतात. तळव्याला चिकटले की साबणानं निघत नाहीत, खोबरेल लागतं. तरी मेचे आठवडे महाग!

म्हणजे आमच्यासारख्या, शाळेशी संबंध संपलेल्या माणसांची खरी चैन फेब्रुवारीत. पोरांच्या परीक्षा तोंडावर, गर्दी ओसरलेली, समुद्र शांत, दुपारी वायव्येकडून वारा. जांभळ्या रंगाचे पैसे भरण्याचं आम्हाला कारणच नाही. ही गोष्ट हॉटेलातल्या त्या मुलानं सांगितली नाही. आमची पांढरी डोकी बघूनही तो जांभळाच रंग पुढे करत होता.

आणि आरक्षण. दादा म्हणाला, महिनोन्महिने आधी बसावं लागतं. ऐन वेळी हवी ती जागा मिळेल हे विसर. किनाऱ्यावरच्या जागांवर सगळ्यांचाच डोळा. ते नाही जमलं की मग डोंगर मिळतो. त्याला वाळू हवी होती आणि बरीच वर्षं त्यानं दरीच बघितली.

गुरुवार

आज पैशाचं काही नाही, फक्त वाळू.

खोलीपासून वाळू किती, या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही त्याचं एक कारण कायद्यात आहे. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारे, नियम १९९१ पासून आहेत आणि मध्ये बरेचदा बदलले, पण ढोबळ मानानं गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करू देत नाहीत. म्हणजे खरोखर पायरी उतरली की वाळू, असं ठिकाण एकतर जुनं असणार किंवा संशयास्पद. मधल्या पट्ट्यात वाळूच्या टेकड्या, मर्यादवेल, केवडा, सुरू. ते तसंच असायला हवं. त्या टेकड्यांमुळेच तर किनारा टिकतो. पण ह्यांचे गुडघे! सुक्या, भुसभुशीत वाळूतून दोनशे मीटर म्हणजे ह्यांना पर्वती.

गुडघ्यांना मानवते ती ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू. कोळी लोकांचा हिशेब मला माझ्या आजोबांनी शिकवला होता: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी उजाडताना आणि मावळताना. फिरायच्या दोन्ही वेळांना किनारा रुंद आणि घट्ट! गोव्यात वेळ थोडी पुढेमागे होते, पण आठवडा पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे धरावा एवढं नक्की. हे सांगणारं माहितीपत्रक मी अजून पाहिलेलं नाही.

मग किनारा कुठला? आम्ही दोघांनी आपापली यादी सांगितली.

गणपतीपुळे ह्यांनी पहिलं घेतलं. एमटीडीसीचं निवासस्थान समुद्राला अगदी लागून, ही गोष्ट खरी. पण तिथं पाणी दगाबाज आहे, दर काही वर्षांनी बुडाल्याच्या बातम्या येतात. शिवाय तिथं गेल्यावर देवळात जायचं नाही, हे मला जमायचं नाही. बाद. दिवेआगर मला प्रिय, सुरूचं बन, खानावळीतलं जेवण, पुण्याहून जवळ. पण शनिवार-रविवारी वाळूवर गाड्या आणि उंट. तारकर्लीची वाळू पांढरी आणि पाणी नितळ, ह्यात वाद नाही, मात्र तिथं आता पॅरासेलिंग आणि स्कूबावाल्यांची हाकाहाक. आरामाला गेलेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी "सर, राइड?" विचारलं तर तो आराम कसला? अलिबागकडे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तो बघायलाच चालत जावं लागतं. मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो, गोव्यात दोनाच्या आसपास. म्हणून गोव्याची पुळण दिवसभर बऱ्यापैकी जागच्या जागी असते.

उरला दक्षिण गोवा. वेळसावपासून मोबोरपर्यंत, साळ नदीच्या मुखापर्यंत, वीसएक किलोमीटरांहून लांब अशी सलग वाळू. मध्ये कोलवा, बाणावली, वार्का, केळशी. कोलव्याला बसगाड्या भरून लोक येतात, तिथून दोन्ही बाजूंना जेवढं दूर जावं तेवढी शांतता. मला बाणावली ते वार्का हा पट्टा हवा. सकाळी होड्या लागतात, कधी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात, नऊनंतर कोणी नसतं. बहुतेक टाइमशेअर कंपन्यांची गोव्यातली नजरही ह्याच पट्ट्यावर आहे. तेवढी त्यांची निवड मला पटते. पण एकाच कंपनीच्या "गोवा"मध्ये आतल्या, डोंगराकडच्या जागाही येतात. करारात नुसतं "गोवा" लिहिलेलं असलं तर त्याचा काही उपयोग नाही.

शनिवार

ठरलं, निदान ह्या वर्षापुरतं. सही नाही.

विनूदादाच्या काही रात्री पडून आहेत. पाहुण्यांसाठी त्याच्या नावावर आरक्षण होतं, थोडे पैसे भरावे लागतात. पौर्णिमेच्या आधीचा आठवडा मिळाला, वार्क्याच्या बाजूला. मी सरळ रिसॉर्टच्या स्वागतकक्षाला फोन लावला आणि माझा प्रश्न विचारला. पलीकडची मुलगी गोव्याची होती, तिनं लगेच सांगितलं: "मागच्या फाटकापासून सात-आठ मिनिटं, मध्ये टेकडी आहे, लाकडी वाट आहे. काकांना त्रास असेल तर बग्गी सोडते." दोन तासांच्या सँडविचांत जे मिळालं नाही ते एका मिनिटात मिळालं.

ह्यांचं मन अजून करारातच आहे. आज म्हणाले, जुन्या सभासदांकडून उरलेल्या वर्षांची मेंबरशिप निम्म्याहून कमी भावात मिळते म्हणे. मिळते, मी पण ऐकलंय. पण हस्तांतराचं शुल्क किती, उरलेली वर्षं किती आणि रंग कुठला, हे लेखी आल्याशिवाय नाही. आणि एवढ्या स्वस्तात लोक ती विकायला का काढतात, हेही त्या विकणाऱ्यांनाच विचारायला हवं. तो फोन ह्यांनी करायचाय.

गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढली. दुपारी पुण्याहून बसायचं, पहाटे मडगाव. एक खालचा बर्थ मिळाला, एक मधला, मधल्यावर मी.

एका बाबतीत तेवढं एकमत झालेलं नाही. मला मडगावच्या बाजारात एक सकाळ हवी आहे, सुक्या सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) आणि आमसुलांसाठी. ह्यांचं म्हणणं, करार म्हणजे करार, वाळू सोडून कुठेही नाही. शेवटी तोडगा निघाला की मी एकटी बसनं जाणार आणि येताना ह्यांच्यासाठी गरम पाव आणणार.